काकूंच्या मोबाइलमधली बोट

जूनमधली गोष्ट. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या लालबागच्या चाळीत शेजारच्या काकू दारात उभ्या. हातात मोबाइल, चष्मा कपाळावर. म्हणाल्या, "अगं, जरा बघ ना. ह्याची बोट जमिनीवर कशी काय चढली?"

'ह्याची' म्हणजे त्यांच्या मुलाची. आमच्या मजल्यावरचा हा दादा मर्चंट नेव्हीत आहे, एका ऑइल टँकरवर थर्ड इंजिनीअर. काकू यूपीआयला घाबरतात, इन्स्टाग्रामच्या वाटेला जात नाहीत, पण मरीन ट्रॅफिक नावाचं ॲप त्या झोपेतसुद्धा चालवतील. जगभरातली जहाजं त्या नकाशावर रंगीत बाणांसारखी दिसतात. टँकरचा बाण लाल. बोटीचं नाव टाकलं की ती कुठं आहे, किती वेगानं चाललीय, कुठल्या बंदराला निघालीय, सगळं समोर येतं. मी बघितलं तर खरंच, होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ असायला हवी ती बोट इराणच्या जमिनीवर उभी होती. आणि एकटी नव्हती. तिच्या बाजूला आणखी बरेच लाल-हिरवे बाण वाळवंटात गर्दी करून होते, आपल्याकडे विसर्जनाला ट्रक लागतात तसे.

१३ जून २०२५ ला इस्रायलनं इराणवर हल्ले सुरू केले आणि २४ जूनला युद्धबंदी झाली. मधल्या दिवसांत आखातात जीपीएसचे सिग्नल इतके गढूळ झाले होते, की रोज शेकडो जहाजं नकाशावर भलत्याच ठिकाणी दिसत होती. त्याच काळात, १७ जूनला, ओमानच्या आखातात दोन टँकरची टक्कर होऊन आग लागली. मी काकूंना सांगितलं, बोट पाण्यातच आहे, सिग्नलचा घोळ आहे. त्या दोन मिनिटं गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग त्याला तरी कळतंय का, तो कुठं आहे ते?"

मला उत्तर देता आलं नाही. मास कॉमची डिग्री आहे, पश्चिम आशियावर असाइनमेंट केलीय, होर्मुझमधून जगातलं जवळपास पाचव्या हिश्श्याचं तेल जातं हे मला पाठ आहे. पण ते तेल नेणाऱ्या बोटीवर माणूस असतो, त्याला आपण कुठं आहोत ते कळतं की नाही, हा प्रश्न माझ्या नोट्समध्ये कुठंच नव्हता.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. 'तो शिपवर असतो' एवढंच आपल्याला माहीत असतं. सहा महिने गायब, मग एकदम सिंगापूर, रॉटरडॅम, ब्राझीलचे फोटो. पगार डॉलरमध्ये, आणि वर्षातले पुरेसे दिवस देशाबाहेर काढले तर त्यावर इथं टॅक्सही नाही. बारावीनंतर आपल्यापैकी कित्येकांनी आयएमयू-सीईटीचा फॉर्म भरायचा विचार केलेला असतो तो याच्यामुळेच. जगभरच्या खलाशांत साधारण १२ टक्के भारतीय आहेत, असं केंद्र सरकार सांगतं. म्हणजे जगात कुठंही, कुणाचंही युद्ध पेटलं आणि त्याची ठिणगी समुद्रात पडली, की तिथल्या बोटीवर आपला कुणीतरी असण्याची शक्यता चांगलीच मोठी.

हे नुसतं अंदाजानं म्हणत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला तेव्हा टीव्हीवर आपण मेडिकलची मुलं बघत होतो. त्याच दिवसांत मिकोलाइव बंदरात ७५ भारतीय खलाशी अडकले होते, त्यांना मार्चमध्ये बसनं बाहेर काढावं लागलं. १९ नोव्हेंबर २०२३ ला हुथींनी लाल समुद्रात हेलिकॉप्टरनं उतरून 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज ताब्यात घेतलं. त्यावर भारतीय नव्हते, पण त्या जहाजाकडे आणि त्याच्या २५ खलाशांकडे सगळ्या जगातले खलाशी डोळे लावून होते. त्यांची सुटका व्हायला चौदा महिने लागले. २६ जानेवारी २०२४ ला आपण इथं प्रजासत्ताक दिनाची परेड बघत होतो, आणि त्याच दिवशी एडनच्या आखातात 'मर्लिन लुआंडा' या टँकरला क्षेपणास्त्र लागलं. पोटात नाफ्था, म्हणजे पेट्रोलचा भाऊच. त्यावर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी. बोट सोडून न जाता त्यांनी आग विझवायला घेतली, पुढं नौदलाची 'आयएनएस विशाखापट्टणम' मदतीला पोहोचली आणि आग आटोक्यात आली. कॅप्टन आणि त्याच्या माणसांना त्या वर्षीचा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळाला. तुम्ही ऐकलं होतंत? मी हा लेख लिहायला घेईपर्यंत ऐकलं नव्हतं.

एप्रिल २०२४ मध्ये इराणनं होर्मुझजवळ 'एमएससी एरीज' पकडलं. २५ जणांत १७ भारतीय. त्यात केरळची एक डेक कॅडेट होती, म्हणजे साधारण आपल्याच वयाची, शिकाऊ. ती आधी सुटून आली, बाकीचे टप्प्याटप्प्यानं. आणि जुलै २०२५ मध्ये, लाल समुद्रात जरा शांत झालं असं वाटत असताना, 'मॅजिक सीज' आणि 'इटर्निटी सी' ही दोन जहाजं दोन-तीन दिवसांच्या अंतरानं बुडवली गेली. पहिल्यावरचे सगळे वाचले. दुसऱ्यावरच्या किमान चौघांचा जीव गेल्याचं तेव्हा मानलं गेलं, काहींना हुथींनी नेलं. पाण्यातून वाचवलेल्या दहांमध्ये एक भारतीय सुरक्षारक्षक होता.

यातला एक किस्सा तर थेट मुंबईच्या दारात आला होता. २३ डिसेंबर २०२३ ला 'केम प्लूटो' या टँकरवर ड्रोन आदळला, तोही लाल समुद्रात नाही, तर गुजरातच्या किनाऱ्यापासून साधारण दोनशे सागरी मैलांवर. २५ तारखेला, नाताळच्या दिवशी, बोट मुंबईला आणली गेली आणि नौदलाच्या बॉम्बतज्ज्ञांनी तिची तपासणी केली. आता या बोटीची कुंडली बघा. मालकी जपानी. चालवणारी कंपनी नेदरलँड्सची. झेंडा लायबेरियाचा. कच्चं तेल सौदीचं, जायचं होतं मंगळूरला. आणि माणसं? २० भारतीय आणि एक व्हिएतनामी. युद्ध ज्यांचं चाललं होतं त्यातला एकही माणूस बोटीवर नव्हता.

झेंड्याचा हा प्रकार मला आधी गंमतीचा वाटला होता. लायबेरिया, पनामा, मार्शल बेटं. कर कमी, नियम सैल, म्हणून जहाजं तिथं नोंदवतात. पण अडचणीच्या वेळी कुणाकडे जायचं? झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या, पकडणारा तिसऱ्या. ड्रोन पाठवणारे तरी काय, इंटरनेटवर सापडलेल्या जुन्या मालकीच्या नोंदी बघून बोट 'शत्रूची' की नाही ते ठरवतात. म्हणून मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. आपण कुठल्या बंदराला निघालोय ते लिहायचा जो रकाना त्या ॲपमध्ये दिसतो, तिथं काही जहाजं बंदराचं नावच लिहीत नाहीत. 'सगळे खलाशी चिनी', 'इस्रायलशी संबंध नाही' असं लिहितात. गाडीच्या काचेवर 'प्रेस' लिहून पोलिसाच्या समोरून जातात ना, तसं; फक्त इथं चलान फाटत नाही, क्षेपणास्त्र येतं. काही जहाजं तर सिग्नलच बंद करतात. मग घरी बसलेल्या आईच्या नकाशावरचा बाण जागीच गोठतो. 'शेवटचा सिग्नल १९ तासांपूर्वी.' काकूंनी अशा रात्री काढल्यात.

आता पैशांकडे येते, कारण प्रत्येक वेळी समोरून हेच ऐकू येतं, 'एवढा पगार मिळतो, मग रिस्क असणारच.' हिशेब मांडून बघू.

युद्धाच्या पट्ट्यात जाणाऱ्या जहाजाला वेगळा विमा काढावा लागतो, साधारण सात दिवसांचा. २०२४ च्या सुरुवातीला लाल समुद्रासाठी त्याचा दर जहाजाच्या किमतीच्या ०.७ ते १ टक्क्यापर्यंत गेला होता, आणि जुलै २०२५ मध्ये दोन जहाजं बुडाल्यावर पुन्हा तिथंच पोहोचला. समजा, पाच कोटी डॉलरची बोट आहे. एक टक्का म्हणजे पाच लाख डॉलर. रुपयांत चार कोटींच्या वर, एका फेरीचे.

आता माणूस. खलाशांच्या आंतरराष्ट्रीय संघटना आणि जहाज कंपन्या यांच्यात एक करार असतो, त्याला आयबीएफ म्हणतात. त्यात युद्धक्षेत्र ठरवलेलं असतं. तिथं जाताना खलाशाला त्या दिवसांच्या बेसिक पगाराइतका बोनस मिळतो, मृत्यू किंवा अपंगत्वाची भरपाई दुप्पट होते. ऐकायला भारी आहे. पण 'बेसिक' या शब्दावर थांबा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत ठरलेलं अनुभवी खलाशाचं किमान बेसिक २०२५ साठी महिन्याला ६७३ डॉलर होतं. हातात येणारा पगार यापेक्षा जास्त असतो, ओव्हरटाइम असतो, रजेचे पैसे असतात, चांगल्या कंपन्या बेसिकही जास्त देतात. पण बोनस मोजायचा तो बेसिकवर. ६७३ भागिले ३०, म्हणजे दिवसाला साधारण २२ डॉलर. पाच दिवसांचे धरले तरी ११२ डॉलर. साडेनऊ-दहा हजार रुपये.

बोटीसाठी चार कोटी, माणसाला दहा हजार. मी कॅल्क्युलेटरवर तीनदा करून बघितलं. विम्याचा हप्ता आणि बोनस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची थेट तुलना बरोबर नाही, असं माझ्या एका अकाउंट्सवाल्या मैत्रिणीचं म्हणणं. तिचा मुद्दा मान्य. तरीही दोन्ही आकडे एकाच धोक्याचे, एकाच फेरीचे आहेत, आणि माझ्या डोक्यातून जात नाहीत.

हा बोनस कुठून आला, ते शोधताना मी एका रविवारी करी रोडहून स्लो लोकल पकडून मस्जिदला उतरले. स्टेशनच्या पूर्वेला, डॉकच्या बाजूला, इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या, समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांहून जास्त भारतीय खलाशांचं स्मारक तिथं आहे. दुसऱ्या महायुद्धात ही संख्या सहा हजारांच्या वर गेली. त्यांच्या नावांचे दगड नाहीत. एक पुस्तक आहे, त्यात नावं लिहिलीत, आणि तसंच दुसरं पुस्तक चितगावला आहे. आपल्यापैकी किती जणांनी याच स्टेशनवर उतरून ड्रायफ्रूट नाहीतर पॅकिंगचं सामान घेतलंय!

ही माणसं कोण होती? मुंबईहून चढणाऱ्यांत रत्नागिरीकडचे होते, सुरतेकडचे होते, बोटीच्या पोटात कोळसा ओतणारे आगवाले पंजाब-सरहद्दीकडचे, जेवणखाण बघणारे गोवेकर. धोबी तलावला मेट्रो सिनेमासमोर जेर महल आहे, तिथं गोव्यातल्या गावागावांचे क्लब अजून आहेत; दोन बोटींच्या मधल्या काळात खलाशी आपली ट्रंक घेऊन तिथं राहायचा. आमच्या काकूंचे आजेसासरे गुहागरकडून आले आणि बोटीवर लागले, त्यांचा धाकटा भाऊ गिरणीत. कोकणातून आलेल्या घरांत या दोन्ही वाटा होत्या. गिरणीतल्या भावाची गोष्ट लालबाग-परळनं जपली. नाटकात, पोवाड्यात, कथेत ती आली. बोटीवरचा भाऊ पत्रातच राहिला.

युद्धानं त्याला सोडलं नव्हतं. २३ नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून आफ्रिकेला निघालेल्या 'तिलावा' या प्रवासी बोटीला जपानी पाणबुडीनं बुडवलं. ९५८ पैकी २८० जण गेले. वाचलेल्यांना चार दिवसांनी मुंबईलाच परत आणलं. 'रामदास' बोट कोकणातल्या प्रत्येक आजीला माहीत आहे. 'तिलावा' मला माझ्या आजीनंही कधी सांगितली नाही. दीड वर्षानं, १४ एप्रिल १९४४ ला, व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळा आणि कापूस एकत्र भरलेल्या 'फोर्ट स्टिकिन'चा स्फोट झाला. ६६ अग्निशामक जवान त्यात गेले. अग्निशमन दिन त्यांचाच. तेव्हा युद्धच बोटीत बसून मुंबईला आलं होतं.

बोनसचं मूळ मला सापडलं ते १९३९ मध्ये. सप्टेंबरमध्ये महायुद्ध पेटलं आणि ब्रिटनच्या बंदरांत उभ्या असलेल्या जहाजांवरच्या भारतीय खलाशांनी पुढं जायला चक्क नकार दिला. गोऱ्या खलाशाच्या मानानं त्यांना कितीतरी कमी पगार होता आणि टॉर्पेडो मात्र दोघांना सारखाच लागणार होता. पगार वाढवा, युद्धाचा भत्ता द्या, मगच नांगर उचलू, असं त्यांचं म्हणणं. शेकडो जणांना तुरुंगात टाकलं गेलं. पण जहाजं माणसांशिवाय हलत नाहीत आणि युद्ध थांबायला तयार नव्हतं. शेवटी पगार वाढले, भत्ता सुरू झाला. संप म्हटलं की आपल्या भागात १९८२ चाच विषय निघतो. परक्या देशात, परक्या भाषेत, बर्फात केलेला हा संप आपल्या कुठल्याच पुस्तकात मला भेटला नव्हता.

आजच्या करारात 'नाही' म्हणायचा हक्क लिहून दिलेला आहे. बोट युद्धक्षेत्रात जाणार असेल तर खलाशी नकार देऊ शकतो, कंपनीनं त्याला आपल्या खर्चानं घरी पाठवायचं. मी दादाला व्हॉट्सॲप कॉलवर विचारलं. आता बऱ्याच बोटींवर स्टारलिंक आहे, आवाज करी रोडवरून बोलल्यासारखा येतो.

"दादा, नाही म्हणता येतं ना?"

"येतं की. कागद येतो. जायला तयार आहे की नाही, त्यावर सही करायची."

"मग कुणी नाही म्हणतं का?"

तो हसला. "आमचा एक मोटरमन म्हणणार होता. दोन दिवस विचार केला त्यानं. घराचा हप्ता, मुलीची फी. मग सही केली."

"आणि तू?"

"मी उतरलो तर माझ्या जागी दुसरा येईपर्यंत बोट अडकते. कुणी काढून टाकत नाही गं. पुढच्या वेळी फक्त फोन येत नाही."

हे शेवटचं वाक्य समजून घ्यायचं तर एक गोष्ट माहीत हवी. बहुतेक खलाशी कायमचे नोकर नसतात. एक कॉन्ट्रॅक्ट, मग घरी, मग पुढचं कॉन्ट्रॅक्ट. मधल्या काळात बहुतेकांना पगार नाही. तुम्हाला काढायची गरजच पडत नाही; पुन्हा बोलावलं नाही की झालं. कॅडेटचं तर त्याहून अवघड. डीएनएस हा वर्षभराचा कोर्स केलेल्या मुलाला ऑफिसरच्या परीक्षेला बसण्याआधी १८ महिने समुद्रावर काढावे लागतात. कोर्स संपवून बोट मिळायची वाट बघत घरी बसलेली मुलं भरपूर आहेत. ज्याला अशी बोट मिळाली, तो वीस वर्षांचा पोरगा 'मी लाल समुद्रात येत नाही' म्हणेल? आईबापांनी कर्ज काढलेलं असताना? हक्क आहे, पण तो वापरायची ऐपत ज्याच्याकडे सगळ्यात कमी, त्यालाच त्याची सगळ्यात जास्त गरज. १९३९ ला ते सगळे मिळून नाही म्हणाले होते. आता कागद एकेकट्याच्या समोर येतो.

आणि ही झाली चांगल्या कंपन्यांची गोष्ट, जिथं करार तरी आहे. युद्धांमुळं निर्बंध आले, निर्बंधांमुळं चोरून तेल नेणारी म्हातारी जहाजं आली. खोटे झेंडे, बंद सिग्नल, विम्याचा पत्ता नाही. गडबड झाली की मालक फोन उचलायचं बंद करतो आणि खलाशी कुठल्यातरी बंदराबाहेर पगार, डिझेल, कधी पिण्याच्या पाण्याशिवाय बसून राहतात. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघानं २०२४ मध्ये अशी ३१२ जहाजं आणि ३,१३३ खलाशी मोजले. देशवार बघितलं तर सर्वात जास्त भारतीय, ८९९. तोवरचा हा उच्चांक होता.

या बोटींवर आपली मुलं पोहोचतात कशी? एजंटमार्फत. म्हणून बारावीनंतरच्या भावंडांना हे दाखवाच. भारतात खलाशी भरती करायला आरपीएसएल नावाचा परवाना लागतो आणि परवाना असलेल्या कंपन्यांची यादी नौवहन महासंचालनालयाच्या साइटवर कुणालाही बघता येते. बोटीवर चढवायचे म्हणून कुणी लाखभर रुपये मागत असेल तर तिथंच उठा. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं नियमात बसतच नाही. माझ्या मावसभावानं एका एजंटला असे पैसे दिले होते. बोट मिळाली नाही. पैसे अजून 'पुढच्या आठवड्यात' मिळणार आहेत, दोन वर्षं झाली.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं नवा मर्चंट शिपिंग कायदा मंजूर केला, १९५८ चा जुना जाऊन. बहुसंख्य भारतीय खलाशी परदेशी झेंड्याखालच्या बोटींवर आहेत आणि त्यांच्याकडेही बघायची जबाबदारी या कायद्यात घेतली आहे, सोडून दिलेल्या खलाशांचाही विचार आहे. चांगलं आहे. लोकसभेत तो ६ ऑगस्टला आणि राज्यसभेत ११ ऑगस्टला झाला, तेव्हा बाहेर दुसऱ्याच विषयावर गोंधळ चालू होता आणि कायद्यावर म्हणावी तशी चर्चा झाली नाही. पण कागदावर 'नाही' म्हणणाऱ्या माणसाला पुढचं काम मिळेल याची हमी कशी द्यायची, हा प्रश्न त्यानं सुटेल असं मला दिसत नाही. नकार दिलेल्यांना पुढं किती काळ काम मिळालं नाही, एवढी नोंद जरी संघटनांनी आणि महासंचालनालयानं मिळून ठेवली, तरी सुरुवात होईल. विम्याचे दर रोज छापून येतात. याचा आकडा कुणाकडे मागायचा?

लालबागमध्ये आता मांडव पूर्ण होत आलेत. २०२५ चा गणपती २७ ऑगस्टला. दादाचं साइन-ऑफ ऑक्टोबरमध्ये आहे, म्हणजे हाही गणपती बोटीवरच. गेल्या वर्षी त्यांनी मेसमध्ये पुठ्ठ्याचं मखर केलं होतं आणि फिलिपिनो कुकनं मोदक करायचा प्रयत्न केला होता. फोटो बघून काकू रडायचं सोडून हसल्या होत्या. बाण सध्या अरबी समुद्रात आहे, दक्षिणेला तोंड करून. म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून लांबच्या रस्त्यानं जाणार. दहा-बारा दिवस जास्त, पण काकूंना हा रस्ता आवडतो.

हा लेख मी छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवला. पाच लाख डॉलरपाशी त्यांनी मला थांबवलं, पुन्हा वाचायला लावलं. मग चष्मा लावून मुलाला मेसेज टाइप केला, एकेक अक्षर शोधत: 'तुझ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ते नाही म्हणायचं पान आहे का बघ.'

रात्री उशिरा उत्तर आलं, 'आहे बहुतेक. बघून सांगतो. जेवलीस का?'